मागच्या खोलीचं माप

टेबलाच्या कडेवरून बॉबिन पडली आणि टिक्, टिक्, टर्रर्र करत पलंगाखाली गेली.

दुपार इतकी शांत होती की तेवढ्या आवाजानंही तिच्या काळजात धस्स झालं. कातर हातात तशीच धरून ती थांबली. पलंगावर नवरा झोपला होता, बेकरीची रात्रपाळी करून आलेला, केसांत अजून पीठ. त्याच्या कुशीत ठिपकी. ठिपकीचं खरं नाव चांगलं लांबलचक होतं. पण ती जन्मली तेव्हा तिच्या बाबानं दुपट्यात डोकावून "अगं, ही तर नुसती ठिपकी आहे!" म्हटलं आणि तेच चिकटलं. ठिपकीनं कूस बदलली, ओठ चाटले आणि पुन्हा झोपली. आईचा जीव भांड्यात पडला. लेक झोपते तेवढाच वेळ तिचा. बाकीचा दिवस आधीच तुकडे पाडून सगळ्यांना वाटून झालेला असे.

ती परत जमिनीवर ओणवी झाली. पुढ्यात खाकी कागद पसरला होता. एरवी अशा कागदावर ती शाळेच्या गणवेशांचे नमुने आखायची; शिवणकामावरच घराचा अर्धा भार होता. आज कागदावर गणवेश नव्हता, घर होतं. त्यांनी विकत घ्यायचं ठरवलेलं घर. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, मागची खोली, सगळं टेपनं मोजून, खडूनं आखून, लहान करून उतरवलेलं. दुसऱ्या कागदातून तिनं पलंग कापला होता, कपाट कापलं होतं. आत्ता कापून झालं ते शिलाई मशीन.

मशीनचा तुकडा तिनं मागच्या खोलीत खिडकीखाली ठेवला. थोडा डावीकडे सरकवला. मग त्या खोलीच्या दाराची रेघ खडूनं पुन्हा गडद केली.

त्या दारासाठीच तर सगळा आटापिटा होता. इथं, भाड्याच्या या एका खोलीत, मशीन पलंगाच्या पायथ्याशी होतं. चालवलं की ठिपकी उठायची, नवरा उशीखाली डोकं घालायचा आणि वरच्या मजल्यावरून घरमालकीण काठीनं ठकठक करायची. म्हणून दुपारभर ती हातशिलाई करी आणि मशीनची कामं तुंबून राहत. मशीनला एक खोली हवी, खोलीला एक दार. दार लोटलं की आवाज आत, झोप बाहेर. आयुष्याकडून तिचं सध्या एवढंच मागणं होतं.

घर तिला डोळे मिटूनही दिसत होतं. घराची भाषा मात्र कान देऊन ऐकली तरी कळत नव्हती.

गेल्या रविवारी चावीवाल्यानं त्यांना ते दाखवलं. चावीवाला म्हणजे गावातला जागांचा दलाल. कमरेला चाव्यांचा असा जुडगा की तो स्वतः येण्याआधी त्याची वर्दी येई. दारातूनच त्यानं तोंडाचा पट्टा सुरू केला.

"वहिनी, मी सांगितलेला आकडा बिल्ट-अपचा, बरं का. कार्पेट त्याहून कमी भरणार. सुपर बिल्ट-अपचा प्रश्नच नाही, घर स्वतंत्र आहे."

"कार्पेट म्हणजे गालिचा देणार आहेत?" नवऱ्यानं भाबडेपणानं विचारलं.

"गालिचा जिथवर अंथरता येईल तेवढी जागा, साहेब. भिंती सोडून. भिंतींची जाडी धरली की बिल्ट-अप. आणि मोठ्या इमारतीत जिना, लिफ्ट, पायरीवर बसलेलं मांजर, सगळ्यांतला तुमचा वाटा धरला की सुपर बिल्ट-अप."

तिनं गळ्यातला टेप काढून भिंतीला लावला.

"टेप कशाला वहिनी? विश्वास ठेवा की."

"ती माझ्या बनियनवर विश्वास ठेवत नाही," नवरा म्हणाला. "धुतला की पुन्हा मोजते."

मोजता मोजता तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "म्हणजे कार्पेट हे अंगाचं माप. आणि बिल्ट-अप म्हणजे शिवणीत आत दाबलेलं कापड धरून."

चावीवाला थबकला. "असं... म्हणायला हरकत नाही."

मग काय, तिला हुरूप आला. जगातली कुठलीही नवी गोष्ट कापडावर घालून पाहायची ही तिची जुनी खोड. साठेखत म्हणजे? विकण्याघेण्याचा आधीचा करार. हां, कच्चा टाका. उसवता येतो, पण भोकं राहतात. खरेदीखत म्हणजे? त्यावर मारलेली पक्की शिवण. ताबा म्हणजे? कपडा गिऱ्हाइकाच्या हातात. बोजा नाही म्हणजे? कापड आधीच कुणाकडे अडकलेलं नाही. नवरा कौतुकानं मान डोलवत होता. ठिपकीही डोलवत होती.

आणि निघताना, स्कूटरला किक मारता मारता, चावीवाला म्हणाला होता, "मागच्या खोलीत तहहयात वास्तव्याचा हक्क राखलेला आहे, ते तुम्हाला कळलंच असेल. वकील नीट घालतील कागदात."

नेमकी तेव्हाच ठिपकीला शू लागली होती. एवढा एक शब्द कापडावर घालून बघायचा राहिला. अस्तर असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. अस्तराकडे कोण बघतं? ते आतल्या आत बसतं.

मागच्या खोलीत बसलेली म्हातारी तिनं पाहिली नव्हती असं नाही. घराची मालकीण होती ती, सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेली. अख्खं गाव तिला नर्सबाई म्हणे. एक लोखंडी खाट, एक खुर्ची आणि औषधांच्या रिकाम्या बाटल्यांमधून खिडकीभर चढवलेल्या वेली. ठिपकीला बघताच ती म्हणाली होती, "आ कर." ठिपकीनं मुकाट्यानं केला. "ठीक आहे घसा. मिट." मग भिंतीला लावलेल्या टेपकडे बघत म्हणाली, "सकाळी ऊन थेट माझ्या पायांवर येतं इथं."

तिला वाटलं होतं, बिचारी. घर सोडायचं तर आठवणी निघणारच.

पलंग कुरकुरला. नवरा उठून बसला, पाय खाली सोडले आणि कागदाकडे बघत जांभई दिली.

"काय चाललंय? पडदे का?"

"घर."

"अरे वा." तो वाकला. "हा आपला पलंग. हे कपाट. आणि हे काय, पाव?"

"मशीन."

"मागच्या खोलीत?" त्यानं डोकं खाजवलं. "मग नर्सबाई कुठे?"

"कुठे म्हणजे? जातील ना. मुलीकडे वगैरे. ताबा देतील त्या दिवशी."

"पण तो म्हणाला ना, तहहयात."

"आपलं तहहयात. आपण काय भाड्यानं घेतोय? विकत घेतलं की जन्मभराचंच झालं."

"मला वाटलं, त्यांचं."

तिनं कातर खाली ठेवली. "तुला असं वाटलं? मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुला कळलंय! तू टाके काय, शिवणी काय, सगळं धडाधड लावत होतीस. मी म्हटलं, आपल्याला काय समजतं, आपण पाव भाजावेत."

"मला वाटलं तुला कळलंय म्हणून तू गप्प आहेस."

"मी गप्प असतो तेव्हा मला काही कळलेलं नसतं. इतकी वर्षं संसार केलास तू."

तिला हसू यायला हवं होतं. तिनं मशीनचा तुकडा उचलला आणि कुठे ठेवावा ते न कळून मुठीत धरला.

संध्याकाळी तिघं चावीवाल्याकडे गेली. त्याची कचेरी म्हणजे चपलांच्या दुकानाचा एक कोपरा, एक टेबल, दोन खुर्च्या आणि मागे छतापर्यंत बुटांची खोकी. ठिपकीनं लगेच एक लाल गमबूट शोधून त्यात पाय घातला.

"बसा वहिनी. शंका आहे?"

"मागच्या खोलीची." ती खुर्चीच्या कडेवर टेकली. "ती आपली की नाही?"

"तुमचीच! मालकी शंभर टक्के तुमची. फक्त राहणार नर्सबाई."

"म्हणजे भाडेकरू."

"छे! भाडेकरू भाडं देतो."

"म्हणजे पाहुण्या."

"पाहुणे जातात, वहिनी."

"मग त्या आहेत तरी कोण?" तिचा आवाज चढला. चपला घालून बघणाऱ्या दोन बायका वळल्या.

"हक्कदार." चावीवाल्यानं दोन्ही हात पसरले. "घर विकताना त्यांनी तेवढा हक्क स्वतःकडे ठेवलाय. जिवंत असेतोवर त्या खोलीत राहायचं. तुम्ही काढू शकत नाही, तुमच्याकडून दुसऱ्यानं घेतलं तर तोही काढू शकत नाही. हयात संपली की हक्क संपला. मग खोली आपोआप तुमची. नवा कागदसुद्धा करायला नको."

"संपली म्हणजे? कधी संपणा..."

शब्द तोंडातून निसटला आणि तिनं जीभ चावली. ती काय विचारत होती? एक बाई कधी मरणार हे? भर चपलांच्या दुकानात? नवरा एकाएकी एका सँडलचा बंद फार बारकाईनं न्याहाळू लागला. चावीवाला वर पंख्याकडे बघत होता.

"ते कागदात घालता येत नाही," तो म्हणाला.

"मग दुसरं घर दाखवा," नवऱ्यानं मध्येच म्हटलं.

"साहेब, या भावात दुसरीकडे तुम्हाला फक्त चार बाजूंच्या सीमा मिळतील, मधलं घर नाही. त्या खोलीमुळेच तर हे परवडतंय. इसार देणार असाल तर परवापर्यंत सांगा. आणखी एक पार्टी आहे."

"खरंच आहे?"

"दलालाकडे आणखी एक पार्टी नेहमी असतेच, साहेब," तो खेदानं म्हणाला आणि ठिपकीच्या पायातून गमबूट काढू लागला.

परतताना ती मनातल्या मनात हा हक्क कापडावर घालून बघत होती. एकाच्या मालकीचा कोट, दुसऱ्याच्या अंगावर. गिऱ्हाइकानं पैसे दिले, कपडा तयार झाला, पण शिंप्याच्याच अंगात राहिला. छे. असलं काही तिनं उभ्या जन्मात शिवलं नव्हतं. उसवून बघावं तर शिवणच सापडत नव्हती.

"नको म्हणू या का?" नवऱ्यानं विचारलं.

"नको म्हटलं तर?"

"तर काही नाही. आहे तसं."

वरून काठीची ठकठक तिला रस्त्यातच ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नवऱ्याला पांघरूण घालून, ती ठिपकीला घेऊन नर्सबाईकडे गेली. पिशवीत खाकी कागदाची गुंडाळी, कातर आणि तुकडे. मशीन दुसरीकडे कुठेच बसत नाही हे कागदावर दाखवायचं, म्हणजे नाही म्हणणं सोपं जाईल, असा तिचा बेत होता. वाटभर तिनं नकाराचं वाक्य घोकलं होतं.

"टेपवाली आलीस? ये. हात धू. तुझे नाहीत, तिचे."

वाक्य तिथंच विरघळलं.

खोलीत खरंच ऊन होतं, आणि ते खरंच खाटेच्या पायथ्याशी पडलं होतं. नर्सबाईनं खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि स्वतः उन्हात पाय ठेवून बसली.

"आजी, मला एक शब्द कळला नव्हता. तहहयात."

"आधीच्यांना फार लवकर कळला होता." नर्सबाईचे डोळे चमकले. "आलं होतं एक जोडपं. काय माया! साखर आहे का, छातीत दुखतं का, जिना चढताना धाप लागते का. पोटच्या पोरीनं कधी विचारलं नाही इतकं विचारलं. आणि घरात जिनाच नाही! मी म्हटलं, ठणठणीत आहे. तोंडं अशी पडली त्यांची. गेले बिचारे."

तिचे कान तापले. कालचं अर्धं वाक्य कपाळावर लिहिलंय की काय, असं तिला वाटलं.

"तूही विचार."

"नाही, मी..."

"विचार गं. घर घेताना भिंतीला ओल आहे का बघतेसच ना?"

"नाही विचारणार," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा जोरात आला.

"बरं. मग हात दे." नर्सबाईनं खाटेखालून रक्तदाबाचं यंत्र काढलं, तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि फुसफुस हवा भरली. ठिपकी तोंड उघडून बघत होती. "तुझाच वाढलाय. झोपतेस कधी?"

"ही झोपली की मी शिवते."

"मी झोपेचं विचारलं."

बोलायला आलेलं वेगळंच होतं, ते आता धड सुरुवात नसलेलं बाहेर पडलं. मशीन, घरमालकीणबाईंची काठी, बेकरीची रात्रपाळी, पलंगाचा पायथा. शेवटी ती म्हणाली, "मला ही खोली मशीनला हवी होती. हिला दार आहे म्हणून."

"ही मिळणार नाही," नर्सबाई सरळ म्हणाली. "ऊन माझं आहे."

"हो. तेच सांगायला आले. म्हणजे, आम्हाला जमणार नाही, असं."

बाटलीतल्या वेलीचं एक पिवळं पान नर्सबाईनं खुडलं. "पोरगी म्हणते, माझ्याकडे ये. तिच्या खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसते. इथं छप्पर गळतंय, वायरी गेल्यात, ते माझ्यानं होत नाही आता. मला घर नकोय गं. खोली हवी. आणि हाक मारली तर ऐकू जाईल असं कुणीतरी." मग आपलंच बोलणं न आवडल्यासारखी ती उठली. "आण तो कागद. बघू कुठं बसत नाही तुझं मशीन."

कागद जमिनीवर पसरला. चार कोपऱ्यांवर चार औषधाच्या बाटल्या. ठिपकी पोटावर पालथी पडून घरात डोकावू लागली.

"मधल्या खोलीत ठेव."

"तिला पुढच्या खोलीकडे दारच नाही, नुसती कमान आहे. तिथं ही आणि हिचे बाबा झोपणार. सगळा आवाज त्यांच्यावर."

"आणि माझ्याकडे?"

"तुमच्याकडे दार आहे. हे." तिनं खडूच्या रेघेवर बोट ठेवलं.

नर्सबाईनं कागदावरच्या दाराकडे पाहिलं, मग वळून खऱ्या दाराकडे. "मग हे काढा आणि तिकडं बसवा."

"तुमचं दार?"

"मला काय करायचंय? दार बंद असलं की हाक बाहेर जात नाही. वॉर्डात जन्म गेला माझा. आवाज थांबला की मला जाग येते, चालू असला की गाढ झोपते. चालव तुझं मशीन. सुताराला चौकट तेवढी कमी-जास्त करावी लागेल, कमान मोठी आहे की लहान?"

तिनं टेप काढला. कमान मोजली, दार मोजलं, पुन्हा कमान मोजली. दोन बोटांचा फरक होता. पट्टी मारली की बसेल. बसेल हे कळलं आणि तरी तिला काही कळेना. दार मिळत होतं, खोली मिळत नव्हती. मशीनच्या पाठीशी कायम एक उघडी खोली, उन्हात पाय, वेलींची पानं, "झोपतेस कधी?" घर आपलं म्हणायचं की तिचं? ती घरात राहणार की आपण तिच्याकडे? चावीवाल्यानं परवापर्यंत मुदत दिली होती, म्हणजे उद्या. आणि साठेखत म्हणजे कच्चा टाका असला तरी भोकं राहतातच.

"गप्प का?"

"मला नीट समजत नाहीये, आजी."

"समजायचं काय त्यात? राहून बघावं लागतं." मग खालच्या पट्टीत, "मलाही भीती वाटतेच की. तुम्ही कसले निघाल कुणास ठाऊक."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं वाकून टेप खाटेला लावला, आधी लांबीला, मग रुंदीला.

"माझी खाट मोजतेस? हे शेवटचं माप नव्हे ना?"

"आजी!"

"बरं बरं. मोज."

तिनं उरलेल्या कागदातून एक लहानसा आयत कापला आणि मागच्या खोलीत, जिथं ऊन पडायचं तिथं ठेवला. मशीनचा तुकडा मधल्या खोलीत सरकवला. तळव्यानं दाराची जुनी रेघ पुसली आणि कमानीत नवी आखली. रेघ थोडी तिरकी आली, पण ती तिनं तशीच राहू दिली. नर्सबाई पाठमोरी होऊन बाटल्यांत पाणी घालत होती.

"आई, हा पलंग कुणाचा?" ठिपकीनं नव्या तुकड्यावर बोट टेकवलं.

"आजीची खाट आहे ती."

"आणि खोली?"

"आजी आहे तोवर आजीची," ती हळूच म्हणाली. "मग आपली."

पाण्याची धार क्षणभर थांबली, पुन्हा सुरू झाली.

ठिपकीनं आपला मोठा पलंग उचलला, उलटा करून बघितला, परत जागेवर ठेवला. मग कागदावरचं अख्खं घर हातानं गुळगुळीत करत तिनं वर पाहिलं.

"आणि आपणच आधी संपलो, तर आपल्या खोल्या आजीच्या ना गं?"